स्पेन : काबो दे गाताचा शांत किनारा, जूनमध्ये जायचंय, माहिती हवी

अबोली

नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही स्पेनला जातोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. दोघंही हिंडते-फिरते आहेत, फक्त सासऱ्यांचे गुडघे अधूनमधून त्रास देतात. माद्रिद आणि ग्रनाडा पक्कं झालंय, तिथला अल्हांब्राचा राजवाडा बघायचाच आहे, त्यानंतर चार दिवस उरतात ते मला समुद्रावर घालवायचेत. आता अडचण अशी की ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी बेनिदोर्म नाहीतर तोर्रेमोलिनोस सांगितलं, आणि फोटो बघितले तर किनाऱ्याला खेटून उंचच उंच हॉटेलं, वाळूत छत्र्यांच्या रांगा, पाय ठेवायला जागा नाही. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन तेच बघायचं असेल तर मला नाही जायचं. मला समुद्र हवाय, त्याच्या काठावरचा बाजार नको.

शोधता शोधता अल्मेरिया शहराच्या पूर्वेला काबो दे गाता म्हणून भाग सापडला. फोटोत नुसती वाळू, मागे उघडेबोडके डोंगर, एकही इमारत दिसत नाही. खरंच असं आहे का की फोटो काढणाऱ्याची करामत? जूनच्या सुरुवातीला पाणी पोहण्याजोगं असतं का? लेकीची शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते, त्याआधी परत यायचंय. गाडी भाड्यानं घ्यावीच लागेल का? आणि ज्येष्ठांना घेऊन जाण्यासारखं आहे का? कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मी सगळं वाचणार आहे.

माद्रिदकर

अबोली, अगदी योग्य जागा निवडलीत. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे आहे आणि आमच्या घरी समुद्र म्हटलं की काबो दे गाताच.

फोटोतलं सगळं खरं आहे. तो पूर्ण पट्टा १९८७ पासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे, नुसती जमीन नाही तर समोरचा समुद्रही त्यात येतो. १९९७ मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरण राखीव क्षेत्र केलं. त्यामुळे उद्यानाच्या आत छोटी छोटी गावं आहेत, सान होसे, ला इस्लेता देल मोरो, रोदालकिलार, लास नेग्रास, आगुआ आमार्गा, आणि गावांच्या मधले किनारे मोकळे. मोकळे म्हणजे खरोखर मोकळे, टपरी नाही, टॉयलेट नाही, नळ नाही, सावली नाही. हे आधीच डोक्यात ठेवून या म्हणजे तिथे पोचल्यावर कुणाचा हिरमोड होणार नाही.

मुक्काम सान होसेला करा. गाव लहान आहे, सुपरमार्केट, मेडिकल, खाण्याच्या जागा सगळं पायी अंतरावर, गावाचा स्वतःचा छोटा किनारा आहे. तिथून कच्च्या रस्त्यानं दोन-तीन किलोमीटरवर प्लाया दे लॉस हेनोवेसेस आणि अजून थोडं पुढे मोनसुल. हेनोवेसेस हा सव्वा किलोमीटरचा अर्धगोल आहे, बारीक वाळू, पाणी हळूहळू खोल होत जातं त्यामुळे मुलांना उत्तम. ११४७ मध्ये अल्मेरियावर चालून आलेलं जेनोवाचं आरमार याच खाडीत थांबलं होतं म्हणून ते नाव. किनाऱ्यावर उभं राहून बघितलं की आजही त्या आरमाराला जे दिसलं असेल जवळपास तेच दिसतं, टेकडी, वाळू, पाणी, मला त्या जागेचं हेच सगळ्यात आवडतं.

मोनसुल लहान, तीन-चारशे मीटरचा. तिथे वाळूच्या मधोमध लाव्ह्याचा एक भलाथोरला खडक उभा आहे, समुद्राच्या बाजूला वाकलेला, त्याच्या पोटाखाली दुपारी थोडी सावली मिळते आणि ती जागा मिळवायला लोक सकाळी लवकर येतात. मागच्या बाजूला डोंगराला टेकलेली वाळूची मोठी टेकडी आहे, तिच्यावर चढायचं नाही, मुलांना मोह होतो पण वनस्पती आणि वाळू दोन्ही सरकतात म्हणून मनाई आहे.

जूनची सुरुवात छान. हवा २५-२७ अंश, पाणी २० च्या आसपास म्हणजे पहिल्या बुडीला गार लागतं, मग सवय होते. ऑगस्टमध्ये पाणी २४-२५ असतं पण तेव्हा अख्खा स्पेन सुट्टीवर असतो. सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर गेलात तरी तीन तास मिळतात आणि तीच वेळ ज्येष्ठांसाठी सगळ्यात बरी.

कोकणसडा

धागा वाचनखुणेत साठवला. मी गुहागरजवळचा आहे त्यामुळे मोकळा किनारा म्हणजे काय ते माहितीये आणि तो कसा जातो तेही माहितीये. माद्रिदकर, एक विचारतो, स्पेनची बाकीची किनारपट्टी बांधून काढली तर हाच तुकडा कसा वाचला? नुसत्या कायद्यानं वाचला असं मला पटत नाही, कायदे आपल्याकडे पण आहेत, किनाऱ्यावरच्या बांधकामांना आळा घालणारा सीआरझेड १९९१ पासून आहे.

माद्रिदकर

कोकणसडा, चांगला प्रश्न. तीन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे पाणी नव्हतं. युरोपातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी हा एक, वर्षाला साधारण २०० मिलिमीटरच्या आत पाऊस. आपल्या कोकणात तेवढा एका दिवसात पडतो. ज्या काळात बाकीच्या स्पेनमध्ये हॉटेलांचा धडाका लागला, १९६० आणि ७० च्या दशकांत, तेव्हा इथे धड रस्तेही नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. हेनोवेसेस आणि मोनसुलच्या आजूबाजूची बरीचशी जमीन एका कुटुंबाची. त्यातल्या मालकीणबाई फ्रान्सिस्का दियास तोरेस, सगळे त्यांना डोन्या पाकिता म्हणायचे, त्यांनी बिल्डरांना जमीन विकली नाही म्हणजे नाहीच. अल्मेरिया शहरातलं त्यांचं घर आता कलासंग्रहालय आहे, वेळ असेल तर जरूर बघा. मला विचाराल तर या किनाऱ्याचं श्रेय सगळ्यात आधी त्या बाईला.

तिसरी गोष्ट कायदा. स्पेनचा १९८८ चा किनारा कायदा सांगतो की समुद्रकिनारा सार्वजनिक, कुणाच्या मालकीचा नाही, आणि त्याच्यापासून जमिनीकडच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात नवी घरं-हॉटेलं बांधायची नाहीत. पण कायदा असून काय होतं ते बघायचं असेल तर त्याच उद्यानाच्या उत्तर टोकाला कार्बोनेरासजवळ एल अल्गारोबिको बघा. २००३ मध्ये परवानगी घेऊन वीस-एकवीस मजली, ४११ खोल्यांचं हॉटेल अक्षरशः वाळूच्या डोक्यावर बांधायला घेतलं. २००६ मध्ये कोर्टानं काम थांबवलं, २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या दर्शनी भागावर ते बेकायदेशीर आहे असं प्रचंड अक्षरांत रंगवलं, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जमीन बांधकामायोग्य नाही असा निर्णय दिला. आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं तो पांढरा सांगाडा तिथेच. एकही पाहुणा कधी तिथे राहिला नाही.

कोकणसडा

म्हणजे काम थांबवायला तीन वर्षं आणि पाडायचं म्हटलं की वीस वर्षं पुरत नाहीत. हे वाचून पोटात कालवलं खरं सांगतो. आमच्याकडे लोक म्हणतात आधी होऊ द्या, नंतर बघू. एकदा उभं राहिलं की नंतर कोणी बघत नाही. त्या बाईंबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. जमीन न विकणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याच्या दारात दलाल चकरा मारतात त्यालाच कळतं.

दर्यावर्दी

नमस्कार. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त, या किनाऱ्याजवळून पुष्कळ वेळा गेलोय आणि नंतर पत्नीला घेऊन मुद्दाम राहूनही आलो. अबोलीताई, तुम्ही पाणी, जेवण, गाडी सगळ्याचा विचार केलात पण वाऱ्याचा केला नाहीत. त्या भागात दिवस कसा जाईल ते वारा ठरवतो.

दोनच वारे लक्षात ठेवा. पूर्वेचा लेवान्ते आणि पश्चिमेचा पोनिएंते. लेवान्ते सुटला की हेनोवेसेस, मोनसुल, तो सगळा पूर्व-दक्षिणेचा किनारा लाटा अंगावर घेतो, पाणी गढूळ होतं, उडणारी वाळू पिंढऱ्यांना टोचते. त्या दिवशी हट्ट करू नका, गाडी काढा आणि भूशिराच्या पश्चिम अंगाला जा, काबो दे गाता गाव, लास सालिनासचा लांबलचक किनारा, तिथे डोंगराची आड मिळते. पोनिएंते असला की बरोब्बर उलट, सालिनासच्या बाजूला खळबळ आणि हेनोवेसेसला पाणी तळ्याइतकं शांत. रोज रात्री फोनवर दुसऱ्या दिवसाचा वारा बघायचा आणि मग किनारा ठरवायचा. हॉटेलच्या काउंटरवर विचारलंत तरी सांगतात, तिथल्या माणसांच्या तोंडी दिवसभर हेच दोन शब्द असतात.

दुसरं, भरती-ओहोटी. आपल्याकडे कोकणात पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं, तिथे जेमतेम फूट-दीड फूट. म्हणून सतरंजी कुठे टाकायची याची चिंता नाही. पण त्यावरून असा समज करून घेऊ नका की खडकाला वळसा घालून पलीकडच्या खाचेत सहज जाता येईल. लाट असेल तर त्या खडकांवर जाऊ नका, लेकीला तर अजिबात सोडू नका. जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका. आपत्कालीन नंबर ११२.

तिसरं, जेलीफिश. रोज नसतात, पण वाऱ्यानं किनाऱ्याकडे ढकलले की एकदम येतात. जांभळट रंगाचा लहानसा असतो, तो डसतो. डसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नको, चोळू नका. पाण्यात उतरण्याआधी दोन मिनिटं उभं राहून बघा, तिथलं पाणी एवढं नितळ असतं की दिसतात.

ओवी

दर्यावर्दी काका, फार उपयोगी लिहिलंत, हे कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगवर वाचलं नव्हतं. मी जर्मनीत असते, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे गेले होते. एक भर घालते. किनाऱ्यावर काही ठिकाणी तपकिरी पट्ट्यांचे ढीग दिसतील, वाळलेल्या लांबट पानांचे, कधी कधी गुडघ्याएवढे उंच, जरासा वास पण येतो, आणि त्यात नारळाच्या काथ्यासारखे गोल गोल गोळे लोळत असतात. माझ्याबरोबरच्या एका बाईंनी लगेच नाक मुरडलं, किती घाण किनारा म्हणून. ती घाण नाहीये! ते पोसिडोनिया आहे, समुद्राच्या तळाशी उगवणारी वनस्पती, शेवाळ नव्हे, तिला मुळं, पानं, फुलं सगळं असतं, आणि तिची ही जात फक्त भूमध्य समुद्रातच होते. तिची कुरणं तळाची वाळू धरून ठेवतात, माशांची पिल्लं त्यातच वाढतात. आणि गळून किनाऱ्याला लागलेली पानं हिवाळ्यातल्या लाटांचा मार आपल्या अंगावर घेतात, म्हणून वाळू टिकते. काही ठिकाणी पर्यटकांना आवडत नाही म्हणून जेसीबी लावून ते ढीग उचलतात आणि मग वाळूही जाते. तिथे पोचल्यावर लेकीला त्यातला एक गोळा हातात घेऊन उलगडून बघायला सांगा, आतले तंतू लाटेनं किती घट्ट वळलेले असतात ते बघण्यासारखं आहे. पाण्याखाली बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी नक्की न्या, पाण्याखालची कुरणं काठापासून थोड्याच अंतरावर दिसतात. वाढायला फार सावकाश, वर्षाला काही सेंटिमीटर, त्यामुळे त्यावर उभं राहायचं नाही, उपटायचं नाही.

शेतीवाडी

विषयाशी थोडं लांबचं विचारतो. मी निफाडचा, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची करतो. अल्मेरिया नाव वाचून थांबलो. तिथली पॉलिहाऊसं जगात प्रसिद्ध आहेत ना? बीचच्या वाटेवर दिसतात का?

माद्रिदकर

शेतीवाडी, दिसतात म्हणजे काय, विमान उतरताना खाली पांढरंच पांढरं दिसतं. प्रांतात तीस हजार हेक्टरांच्या वर प्लास्टिकखालची शेती आहे. थंडीत युरोपभर जे टोमॅटो, ढोबळी, काकडी, वांगी मिळतात त्यातला मोठा हिस्सा इथला. विमानतळावरून सान होसेला जाताना निहारच्या परिसरात दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि मग उद्यानाची हद्द लागली की एकदम संपतं, पुढे नुसती खुरटी झुडपं, घायपात आणि बुटकी पाम. घायपात १९५० च्या दशकात दोरखंडासाठी लावली होती, तो धंदा बसला आणि झाडं राहिली.

तिथे जमिनीवर शेणखताचा थर आणि वर जाड वाळू पसरून पीक घेतात, ओल टिकते आणि मातीतले क्षार वर येत नाहीत. पण भूजल बेसुमार उपसलं गेलंय, कार्बोनेरासला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा प्रकल्प आहे तो त्यासाठीच. आणि त्या प्लास्टिकखाली राबणारी माणसं बहुतेक मोरोक्कोतून आणि आफ्रिकेतून आलेली, त्यांच्या राहण्याच्या झोपड्या रस्त्यावरून दिसतात. शांत किनाऱ्याच्या वाटेवर हे सगळं आहे आणि मुलांना ते दाखवावं, डोळे मिटून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

शेतीवाडी

आभारी आहे. पाणी आणि मजूर, आमच्याकडेही याच दोन गोष्टींनी झोप उडते. पण तो वाळूचा थर डोक्यात बसला, इथे गुंठाभर करून बघावंसं वाटतंय. कोणाकडे त्याची माहिती असेल तर वेगळा धागा काढा.

रानवारा

अबोली, एक गोष्ट कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. त्या भागात काही किनाऱ्यांवर लोक कपडे न घालता असतात. मोनसुलजवळचा एल बारोनाल तर त्यासाठीच ओळखला जातो, पण हेनोवेसेसच्या टोकाला आणि इतर खाचांमध्ये पण दिसतील. कोणी कुणाकडे बघत नाही, तिकडे ते साधं आहे, पण सासू-सासरे आणि लेक बरोबर आहेत तर घरी आधी बोलून ठेवा म्हणजे तिथे अचानक अवघडल्यासारखं होणार नाही. आम्ही मुलांना आधीच सांगितलं होतं, प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, आपण आपले कपडे घालायचे, टक लावून बघायचं नाही, फोटो काढताना दुसरं कोणी त्यात येत नाहीये ना ते बघायचं. दहा मिनिटांत विषय संपला. तुम्ही पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले तरी कोणाला काही वाटत नाही, उलट ऊन एवढं कडक असतं की तेच शहाणपणाचं.

अबोली

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. रानवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, मी विचारायचं की नाही या विचारात होते. दर्यावर्दी काका, तुमचा वाऱ्याचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला.

आता सासू-सासऱ्यांचं. त्यांना वाळूतून फार चालता येणार नाही, आणि भर उन्हात तर नाहीच. त्यांना दिवसभर हॉटेलवर बसवून आम्ही समुद्रावर जायचं हे मला पटत नाही. त्यांनीसुद्धा आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीनं प्रवास केलाय, ही सहल त्यांची पण आहे. काय करता येईल?

आणि आम्ही शाकाहारी, अंडं चालतं.

साधा माणूस

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ७० च्या पुढच्या माणसांना टॉयलेट नाही, सावली नाही अशा ठिकाणी नेऊ नये. मालागाकडे नेर्हासारखं गाव बघा, किनाऱ्यालगत फरसबंदी, बाकं, सगळी सोय. शांतता जरा कमी मिळेल पण आजी-आजोबांची आबाळ होणार नाही.

दर्यावर्दी

साधा माणूस, काळजीपोटी लिहिलंत, पण मी सहमत नाही. मी स्वतः त्याच वयाचा, पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही तिथे गेलो आणि मजेत राहिलो, फक्त दिवसाची घडी बदलली. सकाळी आठ ते साडेदहा समुद्र. मग खोलीवर, आंघोळ, जेवण, झोप. तिथली दुकानंही दुपारी बंदच असतात. पुन्हा सहानंतर बाहेर. मोनसुलला पार्किंगपासून पाण्यापर्यंत थोडंच चालावं लागतं, घडीच्या दोन खुर्च्या आणि एक छत्री सान होसेत विकत मिळते. दोन-अडीच तासांसाठी टॉयलेटचा प्रश्न येत नाही. पत्नी खुर्ची पाण्यात टाकून पाय बुडवून बसायची, अजून त्या संध्याकाळींबद्दल बोलते.

माद्रिदकर

दर्यावर्दींशी पूर्ण सहमत. अबोली, त्यांच्यासाठी अजून दोन गोष्टी. लास सालिनासला मिठागर आहे, मिठाचे पांढरे डोंगर लांबूनच दिसतात, आणि त्याच पाण्यात रोहित पक्षी असतात. पक्षी बघायचा आडोसा रस्त्याला लागूनच आहे, दुर्बीण न्या, सकाळी लवकर जा. उरण-पेणकडची मिठागरं आणि शिवडीचे रोहित बघितलेले असतील तर आजोबांना गप्पांना विषय मिळेल. तिथून पुढे दीपगृहापर्यंत गाडी जाते, वरून समुद्रातले काळे सुळके दिसतात, चालायला काही लागत नाही. फक्त एक लक्षात घ्या, नकाशावर दीपगृह आणि मोनसुल शेजारी दिसतात पण मधला डोंगराळ रस्ता गाड्यांना बंद आहे, तिथे फक्त पायी किंवा सायकलनं जाता येतं. गाडीनं मागे फिरून मोठा वळसा घालावा लागतो, साधारण पाऊण तास धरा.

आणि ते डोंगर सगळे ज्वालामुखीचे, साधारण एक कोटी वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, त्यापुढे हे कालचं पोर. दीपगृहाजवळ खडकाचे उभे खांब दिसतात.

जेवणाचं सांगतो. शाकाहारी म्हटलं की मासा चालतो असं तिकडे बरेच जण धरतात, त्यामुळे मांस नको, मासा नको, हॅम नको, ट्यूना नको असं एकेक करून सांगायचं. सालमोरेखो नावाचं टोमॅटोचं गार सूप असतं त्यावर हॅमचे तुकडे घालतात, आधीच नको म्हणा. बटाट्याचं जाड आम्लेट सगळीकडे मिळतं, पिस्तो म्हणजे भाज्यांचा रस्सा, तळलेली वांगी आणि त्यावर काकवी, हे तुम्हाला नक्की आवडेल. दुपारचं जेवण दीडच्या आधी मिळत नाही आणि रात्रीचं साडेआठच्या आधी नाही. आजी-आजोबांना सात वाजता जेवायची सवय असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या, टोमॅटो आणि भाज्या तिथे अप्रतिम मिळतात, मुगाची डाळ आणि तांदूळ बरोबर असले की झालं.

ओवी

गाडीबद्दल. पाच जण म्हणजे गाडी घ्याच, अल्मेरिया विमानतळावर किंवा शहरात मिळते, तिथून सान होसे पाऊण तासाच्या आत. बस आहे पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या. परवाना आरटीओतून आंतरराष्ट्रीय करून घ्या आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचंय, पहिला दिवस सावकाश. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावरचं नुकसान विम्यात येतं का ते वाचा, हेनोवेसेस-मोनसुलचा रस्ता कच्चा आहे आणि काही ठिकाणी चांगलाच खडबडीत.

आणि महत्त्वाचं, उन्हाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या रस्त्यावर फाटक असतं, ठरावीक गाड्या झाल्या की बंद, मग सान होसेतून बसनं किंवा चालत. जूनच्या पहिल्या आठवड्यात बहुधा अडचण येणार नाही पण शनिवार-रविवारी सकाळी नऊच्या आत पोचा. चालत जायचं तर सान होसेतून जुन्या पवनचक्कीजवळून वाट आहे, पाऊण तास, सकाळी करण्यासारखी. लेकीला आणि नवऱ्याला चालत पाठवा, तुम्ही आजी-आजोबांना घेऊन गाडीनं या.

कोकणसडा

एक विनंती करतो, सगळ्यांनाच. तिथे जाल तेव्हा कचरा परत आणाच, पण फोटो टाकताना छोट्या खाचांची नेमकी जागा टाकू नका. हेनोवेसेस, मोनसुल सगळ्यांना माहिती आहेत, ते ठीक. पण आमच्याकडे एका रीलवर एक किनारा असा पसरला की पुढच्या सीझनला तिथे जेट स्की आणि मॅगीचे स्टॉल. वेळासला कासवांसाठी लोक येतात तिथे गावकऱ्यांनी नियम लावले, राहायला गावातलीच घरं, तिथे पाहुणे येतात आणि किनाराही राहतो. म्हणजे लोकांनी येऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण लोक आले म्हणून किनाऱ्यानं बदलायची गरज नाही, आलेल्यांनी आपली तऱ्हा बदलावी.

रानवारा

+१. आणि त्या उद्यानात किनाऱ्यावर तंबू ठोकून किंवा कॅम्पर गाडीत रात्र काढायला, शेकोटी पेटवायला बंदी आहे, ड्रोनला परवानगी लागते. लोक करतात म्हणून आपण करायचं नाही.

लास नेग्रासहून काला सान पेद्रो म्हणून एक जागा आहे, तिथे गाडीच जात नाही, तासभर चाल किंवा होडी. जुन्या किल्ल्याचे अवशेष, गोड्या पाण्याचा झरा, काही मंडळी तिथे कायमची झोपड्या करून राहतात. अबोली, तुमच्या नवऱ्याला आणि लेकीला एक दिवस हे जमेल, पण निघताना दोन लिटर पाणी प्रत्येकी आणि टोपी, वाटेत एकही झाड नाही. आजी-आजोबांसाठी त्या दिवशी अल्मेरियाची आल्काझाबा ठेवा, ९५५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, आत बागा आणि पाण्याचे पाट, चढ आहे पण बसायला जागा भरपूर.

अबोली

ठरलं! आज रात्री घरी सगळ्यांसमोर धागा मोठ्यानं वाचला. सासरे म्हणाले मिठागर आणि पक्षी बघायचेच, आणि खुर्ची पाण्यात टाकायची कल्पना सासूबाईंनी लगेच उचलली.

प्लॅन असा : ग्रनाडाहून बसनं अल्मेरिया, तिथे गाडी ताब्यात, सान होसेला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट, चारही रात्री तिथेच. रोजचा किनारा आदल्या रात्री वारा बघून. सकाळी आणि संध्याकाळी समुद्र, दुपारी घरी. एक सकाळ सालिनास आणि दीपगृह. एक दिवस दोन तुकड्या, नवरा आणि लेक सान पेद्रो आणि आम्ही तिघं आल्काझाबा आणि डोन्या पाकितांचं घर. मला त्या बाईंचं घर बघायचंच आहे.

आता व्हिसाचं तेवढं सांगा, किती आधी अर्ज करायचा?

माद्रिदकर

प्लॅन एकदम जमलाय. अल्मेरियाच्या बस स्टँडवरून विमानतळ जवळच आहे, गाडी तिथूनच घ्या, निवड जास्त मिळते.

शेंगेन व्हिसाचा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, जानेवारीतच बघायला लागा. मोठ्यांना ९० युरो, सहा पूर्ण पण बारा न झालेल्या मुलांना ४५, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. सगळ्यांचे अर्ज एकत्र द्या, आजी-आजोबांचे बोटांचे ठसे तिथेच घेतात. आणि अल्हांब्राची तिकिटं व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी काढा, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाकून, त्यातल्या नासरी महालाची वेळ सकाळची घ्या म्हणजे दुपारची बस मिळेल.

अबोली

जानेवारीचा रिमाइंडर लावला. ओवी, पाण्यातला चष्मा इथून घेऊन जाऊ की सान होसेत मिळेल?

ओवी

लेकीचा घरूनच न्या, तिच्या चेहऱ्याला बसतोय का ते एखाद्या स्विमिंग टँकवर आधीच बघून घ्या. तुमचे तिथे मिळतील. पाण्यात घालायचे रबरी बूट मात्र सगळ्यांचे न्या, आजोबांचेसुद्धा, मोनसुलच्या खडकाजवळ पाण्यात धारदार दगड आहेत.